आकड्यांची विभक्ती

शाळेत विभक्तीचा तक्ता पाठ करताना आपल्यापैकी बहुतेकांनी व्याकरण लिहिणाऱ्यांना मनातल्या मनात दोन शब्द सुनावले असतील. स, ला, ते. ने, ए, शी. हे सारे कशासाठी, असा प्रश्न मलाही पडत असे. त्याचे उत्तर मला मिळाले ते मात्र मराठीच्या तासाला नव्हे, तर गावच्या दूध संकलन केंद्रावर, संगणकासमोर बसले असताना. कला शाखेच्या विद्यार्थिनीने संगणकाच्या भाषेवर लेख लिहावा, याचे कोणाला नवल वाटेल. परंतु हा विषय गणिताइतकाच भाषेचाही आहे, असे माझे मत झाले आहे, आणि तेच येथे मांडायचे आहे.

आधी विभक्तीचेच पाहू. ‘वाघाने बकरीला खाल्ले’ हे वाक्य उलटून ‘बकरीला वाघाने खाल्ले’ असे म्हटले, तरी अर्थ बदलत नाही. खाणारा कोण आणि खाल्ले गेले कोण, हे शब्दाच्या जागेवरून ठरत नाही. शब्दाला चिकटलेल्या प्रत्ययावरून ठरते. आता प्रत्यय काढून टाका. ‘वाघ बकरी खाल्ले.’ तरीही आपल्याला अर्थ लागतो, कारण बकरी वाघाला खात नाही हे आपल्याला ठाऊक असते. पण ‘गणपत दामू मारले’ असे कोणी सांगितले तर? मार कोणी खाल्ला, हे सांगणाऱ्यालाच पुन्हा विचारावे लागेल. संगणकाला तर वाघ ठाऊक नाही आणि बकरीही ठाऊक नाही. त्याच्यापुढे येणारे प्रत्येक वाक्य गणपत-दामूचेच असते.

हे मला कसे कळले, ते सांगते. गणित विभागातील सरांनी मागील सुटीत ‘हास्केल’ या संगणकीय भाषेचा एक वर्ग चालवला होता. कोणत्याही शाखेच्या विद्यार्थ्याने यावे, असे त्यांनी फळ्यावर लिहिले होते, म्हणून मी गेले. वर्ग संपल्यावर शिकलेले कोठेतरी वापरून पाहावे असे वाटू लागले. आमच्या गावच्या दूध केंद्राचा दहा दिवसांच्या बिलांचा हिशेब सचिवकाका रात्री जागून वहीत करीत. मी त्यांना म्हटले, “काका, हे मी संगणकावर करून देते.” त्यांनी आनंदाने होकार दिला.

दुधाचा दर दोन आकड्यांवर ठरतो. एक फॅट, म्हणजे दुधातील स्निग्धांश; दुसरा एसएनएफ, म्हणजे स्निग्धांश सोडून दुधात उरलेले घन पदार्थ. म्हशीच्या दुधासाठी ६.० फॅट आणि ९.० एसएनएफ हे प्रमाण धरतात आणि त्यापेक्षा कमी-जास्त भरेल तसा दर खाली-वर होतो. हिशेब समजावा म्हणून मी येथे सोपे आकडे घेते. समजा, प्रमाण दुधाला लिटरला ५० रुपये. फॅट एक पूर्ण अंकाने वाढली की ५ रुपये अधिक. एसएनएफ एक पूर्ण अंकाने घटले की १० रुपये वजा. मग ७.० फॅट आणि ९.० एसएनएफ असलेल्या दुधाला ५५ रुपये दर मिळेल.

माझ्या प्रोग्रॅममध्ये दर काढणारे एक फंक्शन होते. फंक्शन म्हणजे गणिताच्या पुस्तकातले फल: आत काही घालावे, बाहेर काही यावे, आणि तेच घातले तर दरवेळी तेच यावे. ते फंक्शन आधी फॅट मागत असे आणि मग एसएनएफ. सकाळच्या दुधाचा भाग लिहिताना मी ते बरोबर दिले. संध्याकाळच्या दुधाचा भाग दुसऱ्या दिवशी लिहिला आणि त्यात क्रम उलटा झाला. फॅटच्या जागी ९.० गेले, एसएनएफच्या जागी ७.० गेले. संगणकाने विनातक्रार हिशेब केला: ५० रुपये, फॅट तीन अंकांनी जास्त म्हणून १५ अधिक, एसएनएफ दोन अंकांनी कमी म्हणून २० वजा. दर आला ४५ रुपये. पंचावन्नाचे पंचेचाळीस झाले, आणि ४५ हा आकडा काही डोळ्यांत खुपणारा नव्हता.

बिले वाटली गेली. कोणी काही बोलले नाही. संगणकाने छापलेल्या कागदावर शंका घ्यावी, असे आमच्या गावात अजून कोणाला वाटत नाही. दोन दिवसांनी आमच्या गल्लीतल्या एक आजी आपली चुरगळलेली वही घेऊन घरी आल्या. त्यांना वाचता येत नाही. वही नातू लिहितो. त्या म्हणाल्या, “पोरी, मशीन खोटं बोलत न्हाई म्हनत्यात. मग माझं दूध सांजच्यालाच पातळ हुतं का गं?”

संध्याकाळचे तीन लिटर, लिटरमागे १० रुपये, दहा दिवस. वरच्या सोप्या आकड्यांनी मोजले तरी ३०० रुपये होतात. म्हशीच्या पेंडीला हातभार लावणारे हे पैसे. आणि त्याहून वाईट म्हणजे, दुधात पाणी घातल्याचा आळ न बोलता त्यांच्यावर आला होता. तो माझ्या दोन शब्दांच्या अदलाबदलीने आला होता.

आता प्रश्न असा, की संगणकाने ही चूक धरली का नाही? हास्केलसारख्या भाषेत प्रत्येक वस्तूला एक प्रकार असतो. संख्या हा एक प्रकार, अक्षरांची ओळ हा दुसरा, होय-नाही हा तिसरा. प्रोग्रॅम चालण्यापूर्वी कंपायलर नावाचा परीक्षक तो सारा वाचतो आणि प्रकारांचा मेळ तपासतो. संख्येच्या जागी नाव दिले तर तो तेथेच अडवतो. पण माझ्या फंक्शनची ओळख मी त्याला अशी करून दिली होती (मूळ प्रोग्रॅम रोमन लिपीत आहे, वाचकांच्या सोयीसाठी येथे देवनागरीत उतरवते):

दरकाढ :: संख्या → संख्या → संख्या

म्हणजे, एक संख्या घे, दुसरी संख्या घे, तिसरी संख्या दे. परीक्षकाने माझे काम तपासले तेव्हा त्याला दोन संख्या हव्या होत्या आणि दोन संख्या मिळाल्या. त्याचे काय चुकले? मीच त्याच्यापुढे प्रत्यय नसलेली दोन नामे ठेवली होती.

अशा चुका केवळ माझ्यासारख्या नवशिक्यांच्या हातून होतात असे नाही. २३ जुलै १९८३ रोजी एअर कॅनडाचे एक बोइंग ७६७ विमान मॉन्ट्रियलहून ओटावामार्गे एडमंटनकडे निघाले. कॅनडात तेव्हा पौंडांकडून किलोग्रॅमकडे बदल चालू होता आणि हे नवे विमान किलोग्रॅममध्ये मोजणारे होते. त्याचे इंधनमापक यंत्र बिघडलेले असल्यामुळे टाक्यांत पट्टी घालून इंधन मोजले गेले. ते ७,६८२ लिटर भरले. प्रवासाला हवे होते २२,३०० किलो. लिटरचे वजन काढण्यासाठी १.७७ या आकड्याने गुणले गेले. तो आकडा खोटा नव्हता. एका लिटर इंधनाचे वजन १.७७ पौंड होते. किलोमध्ये ते सुमारे ०.८ भरते. टाकीत खरे तर सुमारे ६,१७० किलो इंधन होते. कागदावर ते सुमारे १३,६०० झाले. सुमारे २०,००० लिटर भरायला हवे होते तेथे सुमारे ४,९०० लिटर भरले गेले. विमान ४१,००० फुटांवर असताना इंधन संपत आले आणि दोन्ही इंजिने बंद पडली. वैमानिकांनी ते तरंगत आणून गिमली येथील जुन्या हवाई तळावर उतरवले आणि ६९ जणांचे प्राण वाचले.

दुसरे उदाहरण मंगळाचे. अमेरिकेच्या नासा संस्थेने ११ डिसेंबर १९९८ रोजी सोडलेले मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान २३ सप्टेंबर १९९९ रोजी मंगळापाशी पोचताच हरवले. यानाच्या लहान इंजिनांनी दिलेल्या रेट्याचे आकडे एका प्रोग्रॅमने पौंडांच्या हिशेबात लिहिले आणि पुढच्या प्रोग्रॅमने ते न्यूटनच्या हिशेबातले समजून वाचले. दोहोंत सुमारे ४.४५ पटींचा फरक. यान मंगळापासून सुमारे २२६ किलोमीटर उंचीवरून जायचे होते; ते सुमारे ५७ किलोमीटरवर गेले. बेरीज-वजाबाकी कोणाचीच चुकली नव्हती. फाइलमधल्या आकड्याला आपण कोण आहोत, हे सांगता येत नव्हते.

यावर उपाय काय? पहिला उपाय कोणालाही सुचेल: शेजारी टीप लिहावी, की ‘आधी फॅट, मग एसएनएफ’. मीही ती लिहिली होती! पण टीप माणूस वाचतो, आणि तोही कंटाळला नसेल तेव्हा. परीक्षक टिपा वाचतच नाही. दुसरा उपाय म्हणजे मर्यादा घालणे: फॅट २ ते १२ यांच्या आत नसेल तर अडव. पण ९ आणि ७ हे दोन्ही त्या मर्यादेत बसतात. तिसरा उपाय टोपणनावाचा. हास्केलमध्ये ‘संख्या’ या प्रकाराला ‘फॅट’ असे दुसरे नाव देता येते. वाचायला ते बरे वाटते, परंतु परीक्षकाच्या लेखी बंड्या आणि बाळकृष्ण एकच. टोपणनावाने माणूस बदलत नाही.

खरा उपाय म्हणजे आकड्याला वेष्टन घालणे. १९९६ साली आलेल्या हास्केलच्या १.३ या आवृत्तीत त्यासाठी ‘न्यूटाइप’, म्हणजे नवा प्रकार, हा शब्द घेण्यात आला. ही भाषा मुळात १९८७ साली जमलेल्या संशोधकांच्या एका समितीने घडवायला घेतली आणि तिचा पहिला अहवाल १९९० साली निघाला. तिचे नाव हास्केल करी या तर्कशास्त्रज्ञावरून ठेवले आहे, हे आपल्या तर्कशास्त्राच्या विद्यार्थ्यांना आवडेल. नवा प्रकार असा लिहितात:

न्यूटाइप फॅट = फॅटवेष्टन संख्या
न्यूटाइप एसएनएफ = एसएनएफवेष्टन संख्या
न्यूटाइप दर = दरवेष्टन संख्या

डावीकडे नव्या प्रकाराचे नाव, उजवीकडे वेष्टनाचे नाव आणि त्याच्या आत काय आहे ते. आत संख्याच आहे. पण आता परीक्षकाच्या लेखी फॅट ही संख्या नव्हे आणि एसएनएफही नव्हे. ती तीन वेगळी घराणी झाली. फंक्शनची ओळखही बदलते:

दरकाढ :: फॅट → एसएनएफ → दर
दरकाढ (फॅटवेष्टन फ) (एसएनएफवेष्टन स) = दरवेष्टन (५० + (फ − ६) × ५ − (९ − स) × १०)

पहिली ओळ वाचताच फंक्शनचे काम कळते. वेगळी टीप लागत नाही. दुसऱ्या ओळीत डाव्या बाजूलाच वेष्टन सोडून आतली संख्या हाती घेतली आहे आणि उत्तराला दराचे वेष्टन घालून ते बाहेर पाठवले आहे. आता कोणी आधी एसएनएफ दिले, तर प्रोग्रॅम चुकीचा चालत नाही; तो चालायलाच तयार होत नाही. चूक बिलाच्या कागदावर उमटण्यापूर्वी माझ्या टेबलावरच पकडली जाते.

आपल्या देशाने हा उपाय एकदा नाण्यांवर केलेला आहे. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर पैसे झाले. त्यापूर्वी रुपयाचे सोळा आणे, म्हणजे चौसष्ट पैसे होत. जुना पैसा आणि नवा पैसा दोन्ही बाजारात असताना नुसते ‘पैसा’ म्हटले तर कोणता समजायचा? म्हणून नाण्यावर ‘नया पैसा’ असे छापले गेले. जुने पैसे मागे पडल्यावर १९६४ साली ‘नया’ हा शब्द गळाला. सारख्या दिसणाऱ्या दोन गोष्टी एकत्र नांदत असतील तेव्हा वेष्टन हवे, हे तत्त्व त्यातून कळते.

वेष्टनाचे आणखी दोन गुण सांगण्यासारखे आहेत. पहिला असा, की कोणत्या क्रिया चालतील हे आपण ठरवू शकतो. लिटरमध्ये लिटर मिळवता येतात, रुपयांत रुपये मिळवता येतात. पण फॅटमध्ये एसएनएफ मिळवून दराचा हिशेब होत नाही, तेव्हा ती बेरीज करूच द्यायची नाही. लिटरला दराने गुणले की रुपये येतात, हेही एका ओळीत सांगता येते:

रक्कमकाढ :: लिटर → दर → रुपये

फंक्शनल पद्धतीत सारा प्रोग्रॅम अशा लहान फंक्शनांची साखळी असतो. एकाचे उत्तर दुसऱ्याच्या हाती जाते. ‘दरकाढ’चे उत्तर ‘रक्कमकाढ’च्या हाती कसे जाते, हे नुसत्या ओळखीच्या ओळी वाचून कळते. सगळीकडे ‘संख्या’ लिहिले असते तर कोणतीही कडी कोणत्याही कडीत अडकली असती.

दुसरा गुण खर्चाचा. इतकी वेष्टने घातल्यावर संगणकाचे काम वाढत नाही का? न्यूटाइपच्या बाबतीत नाही. परीक्षकाची तपासणी पुरी झाली की वेष्टन गळून पडते आणि चालताना आत नुसती संख्याच राहते. स्लॅब पक्का झाल्यावर सेंट्रिंग काढून घेतात, तसेच हे.

पण वेष्टन म्हणजे जादू नव्हे, हेही सांगितले पाहिजे. यंत्रावरचा आकडा वाचतानाच मी एसएनएफला फॅटचे वेष्टन घातले, तर परीक्षक फसेलच. मंगळाच्या यानाच्या बाबतीत तर आकडे फाइलमधून एका गटाकडून दुसऱ्याकडे गेले. फाइलमध्ये मापाची खूण नसेल तर पलीकडच्या भाषेतली वेष्टने काय करणार? लाभ एवढाच, की पूर्वी आकडा जेथे जेथे जाई तेथे तेथे सावध राहावे लागे. आता आकडा आत येतो त्या दारापाशी सावध राहिले की पुरते. म्हणून जाणकार मंडळी त्या दारावरच पहारा बसवतात. कच्ची संख्या थेट वेष्टनात घालण्याची मुभा ठेवत नाहीत. तपासून वेष्टन घालणारे एकच फंक्शन ठेवतात आणि मर्यादेबाहेरची संख्या आली तर ते ‘काही नाही’ असे उत्तर देते. मर्यादेची तपासणी एकटी पुरत नाही हे वर पाहिलेच. वेष्टनाच्या जोडीला मात्र ती उपयोगी पडते. शिवाय प्रत्येक आकड्याला वेष्टन घालण्याचाही अतिरेक नको. घरातल्या प्रत्येक डब्यावर चिठ्ठी लावण्याची गरज नसते. मीठ आणि साखर यांच्या डब्यांवर मात्र ती असावी.

आजींना मी तेव्हा काय सांगितले? प्रकार, परीक्षक, वेष्टन यांतले काहीच सांगितले नाही. “आजी, दूध पातळ नव्हतं, चूक माझी झाली,” एवढेच म्हटले आणि सचिवकाकांकडे जाऊन तेच सांगितले. त्या रात्री मी फॅट आणि एसएनएफ यांना वेष्टने घालून प्रोग्रॅम परीक्षकापुढे ठेवला. त्याने दोन ठिकाणी अडवले. एक संध्याकाळच्या दुधाचे, जे मला ठाऊक होते. दुसरे महिनाअखेरच्या गोषवाऱ्यातले, जे मला ठाऊक नव्हते आणि ज्याची वही घेऊन कोणीही माझ्या दारात आले नसते. ते पाहून मला जे वाटले, ते आजींसमोर वाटलेल्या शरमेपेक्षा वेगळे होते. वही ठेवणाऱ्या आजी एकच होत्या. संध्याकाळी दूध घालणारी घरे चाळीसच्या वर होती. पुढच्या बिलात सर्वांचा फरक चुकता झाला आणि सचिवकाकांनी फळ्यावर तसे लिहिले.

आपल्याकडे असा समज आहे, की संगणक हे विज्ञान शाखेचे काम आणि भाषा हे आपले. परंतु शब्दाला योग्य प्रत्यय लावणे, दोन सारख्या दिसणाऱ्या अर्थांना दोन नावे देणे, वाचणाऱ्याला क्रम आठवत बसावे लागणार नाही असे वाक्य रचणे, हे शिक्षण आपल्याला भाषेच्या वर्गातच मिळते. मी विभक्तीचा तक्ता पाठ केला होता. तो वापरायचा कोठे, हे मला ठाऊक नव्हते. सरांचा वर्ग येत्या सुटीतही भरणार आहे. आपल्या शाखेतून मागच्या वेळी आम्ही दोघीच होतो. या वेळी अधिक जण याल, अशी आशा आहे.